ॲक्सेसच्या फॉर्ममध्ये ‘बदल ठेवायचे का?’ हे विचारायचं कुठे

नमस्कार,

तुमची अडचण मला समजली ती अशी: वाचनालयाच्या सभासदांचा ॲक्सेसमध्ये (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस प्रोग्रॅम) फॉर्म केलाय. तो बंद करताना ‘बदल सेव्ह करायचे का?’ असं विचारलं जातं, काउंटरवरचा माणूस ‘नो’ दाबतो, कोडमधलं मी.अनडू (बदल मागे घेणारी आज्ञा) चालतंही, पण नंतर टेबल उघडून पाहावं तर बदल तिथे जाऊन बसलेले. तोच कोड क्लोज या इव्हेंटमधून (फॉर्मवर काही घडलं की आपोआप चालणाऱ्या कोडची जागा) अनलोडमध्ये हलवला तरी फरक नाही.

कोड ठीक आहे, जागा चुकली आहे. टेबलाला बांधलेल्या, म्हणजे थेट टेबलातला डेटा दाखवणाऱ्या आणि बदलणाऱ्या फॉर्ममध्ये रेकॉर्ड सेव्ह करायचं काम ॲक्सेस स्वतःहून करतं, कुणी सांगायची वाट पाहत नाही. फॉर्म बंद करायला घेतला की क्रम असा असतो: आधी फॉर्मचं बिफोर अपडेट, मग आफ्टर अपडेट, त्यानंतर अनलोड, आणि शेवटी क्लोज. म्हणजे तुमचा मेसेज येतो तेव्हा रेकॉर्ड टेबलात पोचलेलं असतं, मी.डर्टी (‘सेव्ह न झालेले बदल आहेत का’ याची खूण) फॉल्स झालेलं असतं आणि अनडूला मागे घ्यायला काही उरलेलंच नसतं. वरातीमागून घोडं.

शिवाय फॉर्म बंद करणं ही सेव्ह होण्याची फक्त एक वाट. पुढच्या रेकॉर्डवर गेलं, शिफ्ट-एंटर दाबलं, फिल्टर लावला, सबफॉर्ममध्ये (फॉर्मच्या आतला दुसरा फॉर्म) क्लिक केलं, तरी रेकॉर्ड सेव्ह होतं. या सगळ्या वाटा ज्या एका दारातून जातात ते म्हणजे फॉर्मचं बिफोर अपडेट. फॉर्मचं म्हणतोय, टेक्स्टबॉक्सचं नव्हे. टेक्स्टबॉक्सलाही त्याच नावाचा इव्हेंट असतो आणि तिथे टाकलंत तर प्रत्येक रकान्यागणिक प्रश्न येईल.

तिथे येस, नो, कॅन्सल अशी तीन बटणं द्या. ‘येस’ला काहीच लिहायचं नाही, सेव्ह आपसूक होतंच. ‘नो’ला मी.अनडू. ‘कॅन्सल’ला फक्त कॅन्सल = ट्रू (सेव्ह अडवणारी ओळ), अनडू नाही; म्हणजे टाइप केलेलं तसंच राहतं आणि माणूस तिथेच थांबून दुरुस्ती करू शकतो. बरेच जण दोनच बटणं देतात. मग एक आकडा चुकलेला माणूस ‘नो’ म्हणतो आणि पूर्ण पत्ता पुन्हा टाइप करत बसतो.

आता बंद करण्याचं. कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक केलं आणि तुमच्या मेसेजला ‘कॅन्सल’ म्हटलं, की ॲक्सेस २१६९ क्रमांकाची स्वतःची एरर दाखवतं: रेकॉर्ड आत्ता सेव्ह करता येत नाही, तरी बंद करायचं का? एका प्रश्नावर दुसरा प्रश्न, तोही इंग्रजीत. त्यापेक्षा फॉर्मच्या प्रॉपर्टीत क्लोज बटण ‘नो’ करून फुली काढून टाका आणि ‘बंद करा’ असं स्वतःचं बटण ठेवा. पण त्या बटणाच्या मागे नुसतं डूकमांड.क्लोज (फॉर्म बंद करायची आज्ञा) लिहू नका. काही कारणाने रेकॉर्ड सेव्ह होऊ शकत नसेल, समजा सक्तीचा एखादा रकाना रिकामा राहिलाय, तर डूकमांड.क्लोज चकार शब्द न काढता बदल टाकून देतं आणि फॉर्म बंद करतं. त्यातलं एसीसेव्हयेस (‘सेव्ह कर’ असा वाटणारा पर्याय) पाहून फसू नका. ते फॉर्मच्या डिझाइनपुरतं आहे, डेटाशी त्याचा संबंध नाही.

म्हणून आधी ‘मी.डर्टी = फॉल्स’ लिहून सेव्ह घडवून आणायचं. बिफोर अपडेटमध्ये अडवलं गेलं तर या ओळीवर २१०१ ची एरर येते, ती पकडायची. मग एवढंच पाहायचं: मी.डर्टी अजून ट्रू आहे का? असेल तर फॉर्म उघडा राहू द्या, नसेल तर बंद करा.

इथपर्यंत तुम्ही विचारलेलं झालं. पण खरं सांगू? ‘बदल सेव्ह करायचे का?’ हा प्रश्न फार काळ टिकत नाही. संध्याकाळी पुस्तकं बदलायला रांग लागलेली असते, तेव्हा मेसेज वाचतंय कोण. बोट सवयीने एंटरवर जातं. विचारायचंच असेल तर काय बदललं ते दाखवा. प्रत्येक बांधलेल्या कंट्रोलला (टेक्स्टबॉक्ससारखा फॉर्मवरचा घटक) ओल्डव्हॅल्यू असते, सेव्ह होईपर्यंत तिच्यात जुनी किंमत टिकून असते. बिफोर अपडेटमध्ये सगळ्या कंट्रोलवरून एक चक्कर मारा, नवी आणि जुनी किंमत ताडून पाहा आणि फरक असलेल्या तेवढ्याच ओळी मेसेजमध्ये घ्या. ‘अनामत: ५०० होती, ५००० झाली’ असं दिसलं की हात थबकतो.

या चकरेत तीन ठिकाणी पाय अडकतो. लेबलला ओल्डव्हॅल्यू नसते, त्यामुळे फक्त टेक्स्टबॉक्स, कॉम्बो आणि चेकबॉक्स घ्या, तेही टेबलातल्या फील्डला बांधलेलेच. रिकाम्या रकान्यात नल (‘किंमतच नाही’ अशी खूण) असतो आणि नलशी केलेली तुलना ना खरी ठरते ना खोटी, म्हणून दोन्ही बाजूंना एनझेड (नलऐवजी ठरलेली किंमत देणारं फंक्शन) लावा. नाहीतर रिकाम्या फोन नंबरात कुणी आकडे भरले तर तो बदल यादीत दिसायचाच नाही. आणि कॉम्बोत नाव दिसत असलं तरी किंमत आयडीची येते, ‘वर्गणी प्रकार: ३ होता, ७ झाला’ असं. तिथे डीलुकअपने (टेबलातून किंमत शोधून आणणारं फंक्शन) नाव आणा. यादी रिकामी निघाली, म्हणजे खोडून पुन्हा तेच लिहिलंय, तर विचारूच नका.

मराठी नावं असतील तर आणखी एक गंमत आहे. व्हीबीएचा (ॲक्सेसमधली कोडची भाषा) मेसेजबॉक्स देवनागरी जाणत नाही. सभासदाचं नाव त्यात गेलं की नुसती प्रश्नचिन्हं दिसतात, आणि कोडच्या खिडकीत मराठी वाक्य लिहिलंत तर तिथेही तीच गत. फॉर्मवरच्या लेबलांना मात्र देवनागरीचं वावडं नाही. म्हणून मेसेजबॉक्सऐवजी स्वतःचा छोटा फॉर्म करा, तो एसीडायलॉगने (तो बंद किंवा अदृश्य होईपर्यंत मूळ कोड थांबवणारा पर्याय) उघडा, यादी टेम्पव्हार्समधून (किंमती तात्पुरत्या ठेवायची जागा) पाठवा आणि बटणांवर सरळ ‘ठेवा’, ‘सोडून द्या’, ‘दुरुस्त करतो’ लिहा. बटण दाबल्यावर तो फॉर्म लगेच बंद न करता अदृश्य करायचा, मूळ कोडने उत्तर वाचून घ्यायचं आणि मग बंद करायचा.

हा प्रश्नही मी सरसकट विचारणार नाही. अनामत, वर्गणीची मुदत, सभासद क्रमांक यांना हात लागला तरच. फोन नंबर सुधारला म्हणून कुणाला थांबवायचं कशाला? त्यासाठी ‘पूर्ववत’ असं बटण पुरे, मागे मी.अनडू, आणि काउंटरवरच्या मंडळींना एस्केपची सवय: एकदा दाबलं की चालू रकाना मागे, दुसऱ्यांदा दाबलं की पूर्ण रेकॉर्ड. डाव्या पट्टीत पेन्सिल दिसतेय तोवर हे चालतं. पेन्सिल गेली की रेकॉर्ड सेव्ह झालं.

नुसतं पुढे-मागे केलं तरी प्रश्न येऊ लागला, तर करंट इव्हेंटमध्ये (एका रेकॉर्डवरून दुसऱ्यावर गेलं की चालतो तो) एखाद्या बांधलेल्या रकान्यात किंमत घालणारी ओळ आहे का ते तपासा. तिच्यामुळे न शिवलेलं रेकॉर्डही डर्टी होतं.

सभासद क्रमांक ऑटोनंबर (ॲक्सेस स्वतःहून देतं तो क्रमांक) ठेवलाय का? नव्या रेकॉर्डवर पहिलं अक्षर टाइप होताच ऑटोनंबर खर्च होतो, अनडू केलं तरी परत येत नाही, आणि रजिस्टरात क्रमांक सुटलेले दिसतात. तपासणीला आलेला माणूस हमखास विचारतो. ऑटोनंबर आतल्या कामापुरता राहू द्या. छापायचा क्रमांक बिफोर अपडेटमध्ये, ‘येस’ मिळाल्यावर, डीमॅक्सने सर्वांत मोठा शोधून त्यात एक मिळवून द्या.

फॉर्मात सबफॉर्म आहे की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही. सभासदाखाली त्याच्या पुस्तकांच्या नोंदी असतील तर वरचं सगळं अर्धंच लागू पडेल, कारण सबफॉर्ममध्ये पाऊल टाकताच वरचं रेकॉर्ड सेव्ह होतं आणि खालची प्रत्येक ओळ आपापली वेगळी सेव्ह होते. दोन्ही मिळून ‘सोडून द्या’ हवं असेल तर नोंदी आधी तात्पुरत्या टेबलांत घ्यायच्या आणि ‘ठेवा’ म्हटल्यावर एका ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं एकदम होतं नाहीतर काहीच होत नाही, असं काम) मूळ टेबलांत ओतायच्या. तसं असेल तर टेबलांची रचना इथे टाका, ट्रान्झॅक्शनचा भाग त्याप्रमाणे लिहून देतो.