भिंतीतील कुजलेल्या खांबाला हात लावण्यापूर्वी
माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरात भिंतीतील खांब बुडाशी कुजलेला दिसला, तरी तो लगेच काढू नका. आधी पाणी कोठून मुरते ते शोधा, कारण लाकडातील ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. माळवदावरील पांढऱ्या मातीचे वजन फार असते, म्हणून तुळईला दोन्ही बाजूंनी भक्कम टेकू दिल्याशिवाय खांबाला करवत लावू नये, हे मी आग्रहाने सांगतो. टोकदार आरीने टोचत निकोप लाकूड लागेपर्यंतचाच भाग कापावा आणि तेथे जुन्या, वाळलेल्या सागाचा तुकडा लांब खाचेच्या सांध्याने, बोल्ट आवळून जोडावा. खांब दगडी तळखड्यावरच, म्हणजे त्याच्या बुडाखालच्या दगडावरच, टेकवा. भोवती सिमेंट मात्र भरू नका. ते ओल कोंडते, तेथे चुना किंवा मातीच योग्य.