'फसवी देहगुहा' : यात फसवे काय आहे?

प्रश्न असा आहे : गोलकृमींच्या शरीरात पोकळी प्रत्यक्ष असते, तर तिला 'फसवी' किंवा 'आभासी' देहगुहा का म्हणतात, आणि जलव्यालाच्या (हायड्राच्या) शरीरातही मोठी पोकळी असताना त्याला देहगुहा नाही असे का सांगतात?

अडचण विग्रहातून सुरू होते. 'देहाची गुहा ती देहगुहा' असा सरळ अर्थ घेतला, तर शरीरातील कोणतीही पोकळी त्यात बसते. 'सीलोम' या मूळ संज्ञेमागील ग्रीक शब्दाचा अर्थही पोकळी एवढाच आहे, आणि त्याच धातुकुळातून 'सीलेंटेराटा', म्हणजे पोकळ आतड्याचे प्राणी, हे जलव्यालाच्या संघाचे जुने नाव आले आहे. तेव्हा हा घोटाळा केवळ मराठीने निर्माण केलेला नाही.

शास्त्रातील अर्थ पोकळीच्या आकारावर नव्हे, तर भ्रूणात ती कोठे तयार झाली यावर ठरतो. त्रिस्तरीय प्राण्यांच्या भ्रूणात बाह्यस्तर, मध्यस्तर आणि अंतःस्तर असे तीन पेशीस्तर असतात. मध्यस्तराच्या आतच जी पोकळी निर्माण होते आणि जिला सर्व बाजूंनी मध्यस्तराचेच अस्तर असते, तीच खरी देहगुहा. गांडुळात ती मध्यस्तर दुभंगून होते, तर तारामाशात भ्रूणाच्या आद्य आतड्यापासून निघालेल्या पिशव्यांतून होते. जलव्यालाला मध्यस्तरच नाही. त्याची पोकळी अन्न पचवण्याची असून तोंडाने बाहेर उघडते. माणसाच्या बाबतीतही हाच भेद लागू होतो : जठर ज्या उदरपोकळीत असते ती देहगुहेचा भाग आहे, जठराची स्वतःची पोकळी मात्र नाही.

गोलकृमीत द्रवाने भरलेली पोकळी शरीरभित्ती आणि आतडे यांच्या मध्ये असते, परंतु मध्यस्तराचे अस्तर तिला फक्त बाहेरच्या बाजूने मिळते. आतड्याच्या बाजूला ते नसते. म्हणजे पोकळी खरी आहे, खरा नाही तो तिचा 'देहगुहा' या नावावरील हक्क. म्हणूनच 'आभासी' हे विशेषण मला सर्वांत कमी पटते, कारण त्यातून पोकळी नुसती भासते असा अर्थ निघतो. 'फसवी' त्याहून बरे. पण अमीबाच्या 'छद्मपादा'मुळे 'छद्म' आपल्या परिचयाचे आहे, आणि दुसऱ्याचे रूप धारण केलेले हा त्याचा अर्थ येथे नेमका बसत असल्याने 'छद्मदेहगुहा' हा शब्द मी निवडेन.

मात्र हा शब्द रचनेचे वर्णन म्हणूनच वापरावा, नातेसंबंध सांगणाऱ्या गटाचे नाव म्हणून नव्हे. 1997 मध्ये जनुकीय तुलनेच्या आधारे गोलकृमी आणि संधिपाद प्राणी हे कात टाकणाऱ्या प्राण्यांच्या 'एक्डायसोझोआ' या गटात एकत्र आले, तर तशीच पोकळी असलेले रोटिफर हे सूक्ष्म जलचर प्राणी त्या गटाबाहेर राहिले. त्यामुळे 'गोलकृमींना छद्मदेहगुहा असते' हे विधान योग्य आहे, पण 'गोलकृमी आणि रोटिफर छद्मदेहगुही असल्यामुळे परस्परांचे जवळचे नातलग आहेत' हे नाही.