शटर बंद, काम चालू

कोल्हापूर, जून २०२१

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचले. आपल्या निवृत्त कारागिरांच्या कार्यशाळेच्या रविवारच्या व्हिडिओ कॉलवर चारच चेहरे दिसतात, त्यांतले दोघे बोलत नाहीत, आणि बाकीची मंडळी 'तासभर तरी शटर उघड' म्हणून तुझ्या मागे लागली आहेत. अशा वेळी गट चालवायचा म्हणजे नेमके काय करायचे, हे तुला उमगेनासे झाले आहे. शटर उघडायचे नाही, हे तुला मी सांगायला नको. आपल्या जिल्ह्यातले निर्बंध अजून कडक आहेत. कोविशिल्डच्या दोन मात्रांमधले अंतर मे महिन्यात १२ ते १६ आठवड्यांवर गेल्यामुळे आपल्यातल्या अनेकांची दुसरी मात्रा राहिली आहे. शिवाय आपली जागा तालमीच्या मागची, एका खिडकीची. तिथे ग्राइंडर सुरू झाला की शेजाऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडावे लागते, आणि कोरोना हवेतून पसरतो. तो विषय इथेच संपला.

तुझी अडचण वेगळी आहे. तू त्यांना गप्पा मारायला बोलावतो आहेस आणि ही मंडळी गप्पांसाठी कधीच आली नव्हती. उद्यमनगरात उभे आयुष्य लेथवर काढलेला माणूस निवृत्तीनंतर आपल्याकडे येतो, कारण घरात त्याला कोणी काही करायला सांगत नाही. हातात कानस असते, व्हाइसमध्ये तुकडा धरलेला असतो, दोघांची नजर त्या तुकड्यावर असते, आणि मग सुनेशी झालेला वाद, मुलाची गेलेली नोकरी, न लागणारी झोप, हे सगळे न विचारता बाहेर येते. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात 'मेन्स शेड' या नावाने पुरुषांच्या सामायिक कार्यशाळा सुरू झाल्या, त्या याच अनुभवावर. आपण कल्पना तिथून घेतली, पण तालमीत वाढलेल्या पेठांना ती परकी वाटली नाही. तू त्यातला तुकडा काढून घेतलास आणि दोन चेहरे समोरासमोर बसवलेस. ते गप्पच राहणार. म्हणून सांगतो, विचारपूस करू नकोस, काम माग.

मागच्या महिन्यात आपल्या टर्नर आबांना मी फोन केला तो पायाने चालणाऱ्या हात धुण्याच्या स्टँडसाठी. पेडलच्या बुशचे, म्हणजे आसावर बसणाऱ्या नळीचे, माप हवे होते. एका दमात माप सांगणारा तो माणूस आकड्यांच्या मध्ये थांबत होता. मी त्यांच्या सुनेला ऑक्सिमीटर लावायला सांगितले, प्राणवायूचा आकडा ९० च्या खाली निघाला, आणि दुपारपर्यंत ते रुग्णालयात होते. घरच्यांनी सकाळीच विचारले होते आणि 'मला काय धाड भरलीय' असे उत्तर मिळाले होते. या आजारात प्राणवायू उतरला तरी अनेकांना दम लागल्याचे जाणवत नाही, आणि आपल्या पिढीच्या पुरुषाला जाणवले तरी तो सांगत नाही. प्रकृतीबद्दल तो खोटे बोलेल, बुशच्या मापाबद्दल बोलणार नाही. काम माग.

बापू मोल्डर गेल्या सप्टेंबरात गेले. फोन करणारे खूप होते, मीही होतो, आणि सगळ्यांना 'बरं आहे' एवढेच ऐकू आले. ओतकामाचे साचे करणाऱ्या मोल्डरला घरी करण्यासारखे काही नसते. त्यांच्याकडे त्या वेळी कोणाचेच काम नव्हते. काम असते तर ते वाचले असते, असा माझा दावा नाही. पण त्यांच्यावाचून कुठेतरी काहीतरी अडले असते, तेही नव्हते. ही रुखरुख मला आहे आणि राहील.

मार्च २०२० मध्ये जनता कर्फ्यूच्या आधीच मी कुलूप लावले, तेव्हा महापुराची आठवण करून देऊन मला भित्रा म्हटले गेले. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी शहरात शिरले तेव्हा तालमींची पोरे पाण्यात उतरली होती, आणि पाणी ओसरल्यावर आपण लोकांचे पंखे, मिक्सर, मोटारी उघडून, वाळवून दिल्या होत्या. कोल्हापूरकराला संकटात धावून जाणे कळते, घरात बसणे कळत नाही. हे मला मान्य आहे. पण पुरात माणसे जमली की जीव वाचतात आणि साथीत जमली की जातात, हे मी तेव्हाही सांगत होतो. काहींनी माझ्याशी बोलणे सोडले. किल्ली दिली नाही याचे मला आजही वाईट वाटत नाही. कुलूप लावण्याच्या आदल्या संध्याकाळी ज्याच्या त्याच्या हत्यारांच्या पिशव्या मी घरोघर पोहोचवल्या होत्या, हे मात्र त्यांच्यातले कोणी सांगत नाही.

आता तुझे काम. वेळ जावा म्हणून दिलेली वस्तू ही माणसे हातात घेताच ओळखतात, तेव्हा असले काही देऊ नकोस. १० सप्टेंबरला गणेश चतुर्थी आहे. पेठेतल्या घरांतून चौरंगांची मागणी घे. जुन्या दारांच्या सागवानी फळ्या आपल्याकडे पडून आहेत. फळ्या एकाकडे रंधायला दे, पाय दुसऱ्याकडे, सांधे तिसऱ्याकडे, म्हणजे एकाचे राहिले की पुढच्याचा फोन त्याला जाईल, तुझा जावा लागणार नाही. व्हिडिओचा आग्रह सोड. साधा फोन स्पीकरवर ठेवला की हात मोकळे राहतात. ग्राइंडर किंवा वेल्डिंग करणाऱ्यांना निक्षून सांग की हात साबणानेच धुवायचे, कारण अल्कोहोलचे सॅनिटायझर ठिणगीने पेट घेते. वस्तू न्यायला-आणायला जाशील तेव्हा झडपेचा मास्क घालू नकोस, त्यातून तुझा श्वास न गाळता समोरच्याकडे जातो.

'त्यांना या वयात कामाचा त्रास कशाला' असे तू लिहिले आहेस. ते वाक्य वाचून मला राग आला. त्यांना त्रास हवा आहे.

पावसाळी हवेत लाकूड ओल धरते, म्हणून फळ्या आठवडाभर घरात उभ्या ठेवून मगच सांधे करायला सांग. पायांचे काम आबांना देऊ नकोस, जिना चढताना त्यांना अजून धाप लागते. सगळ्या मापांचा कागद मात्र त्यांच्याकडूनच लिहून घे, आणि तो शुक्रवारपर्यंत हवा आहे, असे त्यांना सांग.

कळावे,
तुझा काका