शिकारीच्या पहिल्याच दौऱ्याला कोणतं कॅलिबर (रायफलच्या नळीचं नि गोळीचं माप)?

भाऊ, जळगावहून थेट नामिबियात शिकारीला! छान वाटलं. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे, सातपुड्याकडे बघूही नका. तिकडे परवान्यानिशी जाताय, तर एवढं बघा:

- कुडू, गेम्सबॉक या तिकडच्या मोठ्या हरणांना .३०-०६ हे मध्यम ताकदीचं काडतूस पुरे. रानम्हैस असेल तरच .३७५ एच अँड एच हे जास्त ताकदीचं.
- काडतूस सगळीकडे मिळणारं हवं. विमानात काडतुसं साधारण ५ किलोच नेता येतात.

नवखे हमखास मोठं कॅलिबर धरतात. मग गोळी सुटताना खांद्याला बसणाऱ्या धक्क्याच्या धास्तीने घोडा दाबतानाच डोळे मिटतात, नळी हलते आणि जनावर जखमी होऊन पळतं. ते बघवत नाही हो.

पहिल्यांदा रायफल तिथेच भाड्याने घ्या, कस्टमची कटकट वाचेल. तिकाटण्यावर (तीन काठ्यांच्या टेकूवर) रायफल टेकवून उभ्याने नेम धरायचा सराव मात्र इथल्या रेंजवर, साध्या .२२ ने का होईना, आतापासूनच सुरू करा.