अडतीस हजारांचं मशीन आणि विहिरीवरची पन्हळ

ठाण्याच्या एका ताईंचा मेल आलाय. मेल मोठा आहे, मी थोडक्यात सांगतो. रत्नागिरी तालुक्यात सासरचं जांभ्याचं माडीचं घर, कौलारू, सासू-सासरे दोघंच तिथे राहतात. पन्हळी पुढच्या बाजूला १९ फुटांवर, मागे जमीन उतरती म्हणून २४ फुटांवर, आणि मागच्या पन्हळीखाली नेमकी विहीर, म्हणजे शिडी टेकवायला जागाच नाही. पावसाळा संपला की पन्हळी बाहेरून, वळचणीच्या फळ्या, खिडक्यांभोवतीच्या पांढऱ्या पट्ट्या, सगळं काळं-हिरवं. शहरातला एक कॉन्ट्रॅक्टर परांची बांधून, कचरा काढून, केमिकल मारून धुऊन द्यायचे एका वेळचे १४,००० मागतो आणि वर्षातून दोनदा करा म्हणतो. मिस्टरांनी मग ऑनलाइन एक सेट बघून ठेवलाय: प्रेशर वॉशर २१,०००, लांब होणारा पोल ९,५००, ‘एक्स्टिरियर क्लीनर’ ५० लिटर ४,०००, नोझल-पाइप वगैरे ४,०००. एकूण ३८,५००. त्यांचा हिशोब असा की कॉन्ट्रॅक्टरचे पाच वर्षांत १,४०,००० जातील, मशीन ३८,५०० चं, म्हणजे लाखभर रुपये वाचले. प्रश्न एवढाच, की एफडी मोडायची का नो-कॉस्ट ईएमआयवर घ्यायचं?

ताई, प्रश्न एफडी का ईएमआय हा नाहीचे. मशीन घेऊच नका.

आता कारण सांगतो, कारण मिस्टरांना तुम्हाला पटवायचंय आणि ‘सल्लागार नको म्हणाला’ एवढ्यावर कुठला नवरा ऐकत नाही.

पहिलं म्हणजे त्यांचा हिशोब अर्धाच आहे. मशीन एकदा घेतलं की झालं असं धरलंय, पण केमिकल दरवर्षी लागणार, ते चार वर्षांचे १६,०००. मशीन वर्षातून दोन दिवस चालणार आणि बाकी ३६३ दिवस कोकणातल्या दमट पडवीत पडून राहणार, सील सुकणार, पंप जाम होणार, वर्षाला २,००० सर्व्हिसिंगचे धरा, ८,०००. झाले ६२,५००. ह्यात मिस्टरांचे दोन वीकेंड, ठाणे-रत्नागिरी जाण्या-येण्याचा खर्च आणि कंबर धरलेलीच नाही. आणि समोर जो १,४०,००० चा आकडा ठेवलाय तोही खरा नाही, कारण त्या कॉन्ट्रॅक्टरने दोन वेगळी कामं एका कोटेशनमध्ये बांधून दिलीत. पन्हळीतला पालापाचोळा काढणं हे मे महिन्यातलं काम, ते चुकवून चालतच नाही, रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पन्हळ तुंबली की पाणी भिंतीत. केमिकल मारून शेवाळ घालवणं हे दिसण्याचं काम, ते दिवाळीनंतर एकदा केलं की बास, आणि एखाद्या वर्षी राहिलं तरी आभाळ कोसळत नाही. दोन्हीला दोनदा परांची कशाला?

दुसरं, ते ५० लिटर. असल्या क्लीनरच्या डब्यावर मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय बघा, बहुतेक वेळा सोडियम हायपोक्लोराइटच असतं, म्हणजे आपलं हायपो, जे साध्या केमिकलच्या दुकानात लिटरला तीस-चाळीस रुपयांना मिळतं. तुम्ही ऐंशी देताय. बरं, स्वस्त मिळालं तरी एकदम ५० लिटर घेऊ नका, हायपो ही नाशवंत वस्तू आहे, दुधासारखी. ऊन आणि उष्णता लागली की त्याची ताकद उतरत जाते, दहा-बारा टक्क्यांचा कॅन उन्हाळाभर पडवीत राहिला तर पुढच्या वर्षी त्यात जवळपास मिठाचं पाणीच उरतं. मग माणूस म्हणतो केमिकल बोगस निघालं आणि दुप्पट मारतो. लागेल तेवढंच, त्याच आठवड्यात आणायचं. तुमच्या घराला २० लिटर पुरावं.

तिसरं, आणि खरं तर हेच पहिलं लिहायला हवं होतं. पोल कशाचा आहे? साइटवरचा फोटो तुम्ही पाठवलाय त्यात ॲल्युमिनियमचा दिसतोय. आणि घराच्या दुसऱ्या फोटोत, ज्या कोपऱ्यात सगळ्यात जास्त काळं झालंय, तिथेच खांबावरून आलेली विजेची सर्व्हिस वायर वळचणीखाली शिरतेय. खाली मेन स्विच बंद केला म्हणजे लाइट गेली असं लोकांना वाटतं, पण ती वायर मीटरच्या आधीची आहे, मेन स्विच पाडला तरी ती जिवंतच असते. वीस फुटी धातूची काठी, वरून गळणारं पाणी, खाली ओल्या चपलेत उभा माणूस. ह्याचा हिशोब मी कुठल्या एक्सेलमध्ये मांडू?

तुमच्या घराचे आकडे तुम्हीच दिलेत. मिस्टर ५२ चे, खासगी नोकरी, एकच पगार, महिन्याचा खर्च ६५,०००, इमर्जन्सी फंड दोन लाख म्हणजे तीन महिने जेमतेम. गुडघ्याचं दुखणं आहे हे पण तुम्हीच जाता जाता लिहिलंय. हा माणूस शिडीवरून पडून दोन महिने घरी बसला तर फंडातले १,३०,००० तिथेच गेले, हॉस्पिटल वेगळं. वर्षाला दहा-पंधरा हजार वाचवायला आपण घरातली एकमेव कमाई शिडीवर चढवतोय. मशीनची किंमत ३८,५०० नाही हो, ती फक्त डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत.

मग काय करायचं? घर तर धुवायलाच हवं, सासूबाईंना दिवाळीला काळी वळचण बघवत नाही हेही मला कळतं.

तुमच्या गावात आंब्याला फवारणी कोण करतं? हापूसच्या पट्ट्यात राहताय आणि उंचावर पाणी मारायला ठाण्याहून मशीन नेताय! मोहोराच्या फवारणीसाठी एचटीपी पंप, म्हणजे जोरात पाणी फेकणारा फवारणीचा पंप, शंभर-शंभर मीटर होज आणि लांब बांबूला बांधलेली गन घेऊन फिरणारी पोरं प्रत्येक वाडीत आहेत, तीस फुटी कलमाच्या शेंड्यापर्यंत त्यांचं पाणी रोज जातं. त्यांचा खरा सीझन डिसेंबर ते मार्च. दिवाळीनंतर लगेच विचारलंत तर ती मोकळी असतात. आमच्या गावात दोन माणसं आणि पंप, दिवसाचे ३,५०० घेतात, तुमच्याकडचा दर विचारून घ्या. फक्त एक, हायपो त्यांच्या पंपातून मारू नका, पितळी भाग आणि रबर दोन्ही खातं ते, पंपवाला देणार नाही आणि त्याने देऊही नये. शिवाय त्या पंपात कीटकनाशक फिरलेलं असतं, त्यामुळे आधी साध्या पाण्याने पंप आणि होज घराबाहेर लांब नेऊन चांगला फ्लश करायला लावा. त्यांचा पंप फक्त शेवटी स्वच्छ पाण्याने धुवायला.

हायपो मारायला वेगळा १६ लिटरचा बॅटरीवाला पाठीवरचा पंप घ्या, ३,२०० च्या आसपास, त्याला प्लास्टिकची लान्स, म्हणजे टोकाला नोझल असलेली फवारणीची दांडी, आणि जादा नळी, १,३०० अजून. लान्स सुक्या बांबूला बांधायची, वायरचा कोपरा सोडून द्यायचा, तो काळा राहिला तर राहू दे. एक भाग हायपो, चार भाग पाणी, चिकटून राहावं म्हणून भांड्याचं लिक्विड दोन झाकणं. दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं, सुकू द्यायचं नाही, मग भरपूर पाणी. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. आणि हो, बांबूवर हाताच्या जरा वर एक जुना पंचा घट्ट गुंडाळून बांधा, ओघळ तिथे थांबतो. मी पहिल्या वेळी नव्हता बांधला, हायपो बांबूवरून ओघळत मनगटावरून बाहीत शिरलं ते थेट काखेत, दोन दिवस हात वर करता येत नव्हता, शर्ट तर गेलाच. डोळ्याला गॉगल, तोंडावर पडणारं नाही अशा बाजूला उभं राहायचं, वाऱ्याच्या समोर नाही. खालची अबोली, तुळस, माडाची रोपं आधी पाण्याने भिजवा आणि नंतर परत भिजवा.

विहिरीचं विसरू नका. पन्हळीचं पाणी विहिरीत किंवा टाकीत सोडलेलं असेल तर त्या दिवशी खालच्या पाइपचा एल्बो काढून पाणी भलतीकडे वळवा, विहिरीवर ताडपत्री टाका. ताडपत्री बाजारातली निळी चालते, फार शोधू नका.

माझी एक चूक सांगतो म्हणजे तुमची वाचेल. काही वर्षांपूर्वी आमच्या घरी जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याची पन्हळ होती, गंजाचे डाग आणि शेवाळ दोन्ही. एक कामगार म्हणाला ॲसिड मारू, दोनशे रुपयांत चकाचक. झाली पण चकाचक, बाबा पाहुण्यांना दाखवत होते. ॲसिडने वरचा जस्ताचा थर खाल्ला होता हे कळायला दुसरा पावसाळा उजाडला, पन्हळीची चाळण झाली, जागोजागी पागोळ्या, बदलायला २२,००० गेले. दोनशेचे बावीस हजार, आणि मी लोकांना पैशाचे सल्ले देतो! तेव्हा पत्रा असो, काही असो, ॲसिड नाही. आणि हायपो मारलेल्या जागी तर चुकूनही नाही, दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, त्यात खरंच माणूस दगावतो.

आता पैसे. एकदाचा खर्च: पंप आणि लान्स मिळून ४,५००, पन्हळीवर जाळी आणि पाइपच्या तोंडाशी पाला अडवणारी पिंजरी ४,५०० धरू, झाले ९,०००. दरवर्षी मे महिन्यात पाला काढायला गावातला सवयीचा माणूस १,५००. दिवाळीनंतरची धुलाई: पंपवाले ३,५००, हायपो ८००, ताडपत्री-चहा-वडापाव ७००, म्हणजे ५,०००. पाच वर्षांचे ९,००० अधिक ३२,५००, एकूण ४१,५००. मशीनच्या ६२,५०० पेक्षा २१,००० कमी आणि कॉन्ट्रॅक्टरच्या १,४०,००० पेक्षा ९८,५०० कमी. महागाई धरली तर तिन्ही आकडे वर जातील, क्रम बदलणार नाही. मिस्टरांना जो लाख वाचवायचा होता तो जवळजवळ वाचलाच की, मशीन न घेता.

मागची विहिरीवरची बाजू मात्र वेगळी धरा. तिथे पाला काढायला माणूस चढवायचाच असेल तर विहिरीवर जाड फळ्या टाकून परांची बांधूनच, तेवढ्या एका बाजूचं वेगळं कोटेशन त्याच कॉन्ट्रॅक्टरकडून मागा. दोन-तीन हजार जास्त गेले तर जाऊ देत, इथे घासाघीस करू नका. जो गडी चढणार त्याचा पीएमएसबीवाय, म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षा विमा आहे का विचारा, वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यूला किंवा पूर्ण अपंगत्वाला दोन लाख. बँक खात्यातून जातात. त्याचं वर्ष १ जून ते ३१ मे असतं, म्हणजे तुमच्या पन्हळी साफ करायच्या दिवसांतच रिन्यूअल येतं. त्याच्या खात्यात २० रुपये नसतील तर तुम्ही टाका. कायदा काय म्हणतो ते बाजूला ठेवा, तुमच्या अंगणात माणूस पडला तर गावात सासऱ्यांना तोंड दाखवायचंय. मिस्टरांचा स्वतःचाही काढा, आणि जमलं तर त्यांच्यासाठी खासगी अपघात विमा बघा ज्यात काम बंद पडलं तर आठवड्याला ठरावीक रक्कम मिळते, एकट्या पगाराच्या घराला ती सोय मशीनपेक्षा जास्त लागते.

नो-कॉस्ट ईएमआयबद्दल एकच ओळ: बँक व्याज लावते, दुकानदार तेवढी सूट देतो, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच बिलात येते, म्हणजे कॉस्ट आहेच. एफडी तर मोडूच नका, ती तुमच्या तीन महिन्यांच्या इमर्जन्सी फंडातलीच आहे.

आणि शेवटी लिहिलंय की पुतण्या मशीनवर आजूबाजूची घरं २,००० रुपयांत धुऊन देईल, मशीनचे पैसे सुटतील. ताई, आजूबाजूची घरं तुम्हीच सांगितलीत, पाच. त्यातली तीन बंद, माणसं मुंबईत, गणपतीत येतात तेव्हा पाऊस चालू असतो. एक तुमच्या चुलत सासऱ्यांचं, त्यांच्याकडून पैसे कोण मागणार? उरलं एक घर.

मिस्टरांना हे वाचायला द्या. आणि ती सर्व्हिस वायर पन्हळीपासून नेमकी किती लांब आहे त्याचा जवळून एक फोटो पाठवा, खालून झूम करून काढा, शिडीवर चढून नको. पन्हळीला टेकत असेल तर आधी महावितरणकडे अर्ज करून ती लांब घ्यायला लावू, केमिकलचं नंतर बघू.