अनोळखी लोकांना फोन करून विक्री करायची पहिलीच नोकरी मिळतेय. घ्यावी का?

पगाराचा आकडा ऐकून लगेच हो म्हणू नका. त्यातला ठरलेला भाग किती आणि कमिशन किती, हे आधी लेखी घ्या. नुसतं कमिशन असेल आणि घरखर्च तुमच्यावर असेल, तर माझं मत 'नको'. हात बसेपर्यंत सुरुवातीचे महिने कोरडेच जातात.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे नंबर कुठून येतात? आधी चौकशी केलेल्यांची यादी मिळणार असेल तर काम बरंच सोपं होतं. कुठूनतरी विकत आणलेली यादी असेल तर दिवसभर लोकांचा वैताग झेलावा लागेल. शिवाय अनेक देशांत 'विक्रीचे कॉल नकोत' अशी नोंदणी करता येते. अशांना फोन गेला तर कायद्याची अडचणही येऊ शकते. मुलाखतीत हे स्पष्ट विचारा. शक्य असेल तर तिथल्या एखाद्या जुन्या माणसाशेजारी तासभर बसून कॉल ऐकू द्या म्हणा. स्क्रिप्टमध्ये खोटं बोलायला लावत असतील तर ते तिथेच कळेल, आणि मग पगार कितीही असो, जाऊ नका. भरतीसाठी किंवा ट्रेनिंगसाठी तुमच्याकडूनच पैसे मागितले तरी तेच.

नकाराची भीती वाटते एवढ्याच कारणाने मात्र सोडू नका. ती बहुतेकांना वाटते, आणि पुष्कळ कॉल केल्यावर बोथट होते. समोरचा वस्तूला नाही म्हणत असतो, तुम्हाला नाही. मी तरी ठरलेला पगार आणि खरा माल असेल तर सहा महिने करून बघेन.