पॅनक्रियाजला संस्कृतमध्ये काय म्हणतात? 'क्लोम' म्हणजेच पॅनक्रियाज का?

नाही. क्लोम (आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत आलेलं एका अवयवाचं नाव) म्हणजे पॅनक्रियाज नाही, कुणी कितीही छातीठोकपणे सांगू दे. संस्कृतमध्ये अग्न्याशय म्हणा, मराठीत स्वादुपिंड आहेच.

या शब्दावरून माझं जुनं भांडण आहे. बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी) फर्स्ट इयर, रचना शारीरचा, म्हणजे शरीररचनेचा व्हायवा (तोंडी परीक्षा). ट्रेमध्ये ड्युओडेनम (लहान आतड्याचा पहिला भाग), पॅनक्रियाज आणि प्लीहा (स्प्लीन) एकत्र काढून ठेवलेले, फॉर्मलिनने डोळे चुरचुरतायत. एक्स्टर्नल (बाहेरून आलेल्या परीक्षक) सरांनी फोर्सेप्सनी पॅनक्रियाज जरासं उचललं आणि विचारलं, संस्कृत नाव सांग. मी म्हटलं अग्न्याशय. ते म्हणाले, चूक, क्लोम. आता मला सुश्रुत (त्याची आयुर्वेदातली संहिता) पाठ होता, मी गप्प कशी बसणार? म्हटलं सर, शारीरस्थानाच्या चौथ्या अध्यायात हृदयाच्या खाली डावीकडे प्लीहा आणि फुप्फुस, उजवीकडे यकृत आणि क्लोम असं आहे, आणि हे बघा ना, याचं डोकं ड्युओडेनमच्या वळणात असलं तरी शेपूट पार डावीकडे प्लीहेला जाऊन टेकलंय, मग हे नुसतं उजवीकडचं कसं? सर म्हणाले, आता तू मला सुश्रुत शिकवणार का? पुढचा प्रश्नच नाही, जा म्हणाले. मार्क किती पडले ते सांगत नाही, पण सगळ्या विषयांत तेच सगळ्यात कमी होते आणि तोच माझा सगळ्यात आवडता विषय होता.

त्यांच्या बाजूचा मुद्दा मला माहितीये. चरकाने (आयुर्वेदातला दुसरा मोठा संहिताकार) विमानस्थानात उदकवह स्रोतसाचं, म्हणजे शरीरात पाणी वाहणाऱ्या मार्गाचं, मूळ तालु (टाळू) आणि क्लोम सांगितलंय, म्हणजे क्लोमाचा तहानेशी संबंध, डायबेटिसमध्येही तहान लागते, म्हणून क्लोम म्हणजे पॅनक्रियाज. अहो पण ती तहान रक्तातली साखर लघवीवाटे पाणी ओढून नेते म्हणून लागते! आणि इन्सुलिन (पॅनक्रियाजमधलं साखर ताब्यात ठेवणारं संप्रेरक) सापडलं 1921 मध्ये, त्यानंतरचं ज्ञान मागे नेऊन चरकाच्या तोंडी घालायचं, याला अभ्यास नाही म्हणत. उलट शार्ङ्गधर संहिता (आयुर्वेदाचाच आणखी एक ग्रंथ) उघडून बघा, अग्न्याशय नाभीच्या वर डाव्या बाजूला सांगितलाय, आणि तहानेशी जोडलेलं जे 'तिल', ज्याला टीकाकार क्लोम म्हणतात, ते त्याच्या वर, वेगळं. दोन्ही एकच असते तर वेगवेगळे कशाला सांगितले असते?

आणि शब्दाचा अर्थ सांगायचा तर, पॅनक्रियाज ग्रीक आहे, पॅन म्हणजे सगळं आणि क्रेअस म्हणजे मांस, हाड नाही कूर्चा नाही, सगळं मांसच. हे क्रेअस आणि आपलं संस्कृत 'क्रव्य', म्हणजे कच्चं मांस (क्रव्याद, म्हणजे मांस खाणारा, यातलं) एकाच मुळाचे.

आता एक सांगते, शार्ङ्गधराचा अग्न्याशय म्हणजे हुबेहूब आजचं पॅनक्रियाज असाही माझा दावा नाही, नाव नंतर या अवयवाला चिकटवलंय, हिंदीत तर तेच रूढ आहे. आणि क्लोम म्हणजे नक्की काय यावर श्वासनलिका, पित्ताशय, उजवं फुप्फुस अशी बरीच मतं आहेत. म्हणून ज्युनियर्सना माझं एकच सांगणं, कुणी क्लोम म्हणजे अमुकच असं ठणकावलं तर कुठली संहिता, कुठलं स्थान, कुठला अध्याय हे तिथल्या तिथे विचारायचं, समोर एक्स्टर्नल असला तरी. मार्क गेले तर गेले.